बंद करण्यासारखं काही नसताना

परवा एका कोड रिव्ह्यूत टीममधल्या नव्या मुलाने विचारलं, "अगं, हा ट्राय ब्लॉक काढून टाकू का? बाइटअ‍ॅरेआउटपुटस्ट्रीमची क्लोज काहीच करत नाही. डॉक्युमेंटेशनमध्येच तसं लिहिलंय." बाइटअ‍ॅरेआउटपुटस्ट्रीम म्हणजे जावा भाषेतली, लिहिलेल्या बाइट्स फाइलऐवजी मेमरीत जमवणारी स्ट्रीम, डेटा ओतायची नळीच म्हणा. क्लोज ही तिला बंद करण्याची मेथड, म्हणजे आज्ञा, आणि काम संपलं की ती आपोआप दिली जावी म्हणून तो ट्राय ब्लॉक. मुलगा म्हणाला तसं खरंच लिहिलंय. जावाच्या त्या पानावर स्वच्छ म्हटलंय, की ही स्ट्रीम बंद केल्याने काहीही होत नाही, आणि बंद केल्यावरही तिच्यात खुशाल लिहीत राहता येतं. कोड उघडला तर मेथडचे दोन महिरपी कंस आणि मध्ये रिकामी जागा. मी त्याला म्हणाले, "राहू दे रे, शिस्त म्हणून." तो 'बरं' म्हणाला आणि पुढच्या फाइलकडे वळला. पण शिस्त हे काही उत्तर नव्हे. जे बंद करण्यासारखं नाहीच ते आपण इतक्या इमानाने बंद का करतो, हे डोक्यातून जाईना.

या क्लासकडे, म्हणजे अशी स्ट्रीम ज्यावरून बनते त्या आराखड्याकडे, एरवी कुणी बघत नाही. १९९६ साली जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून तो तिथे आहे. आत जेमतेम दोन फील्ड्स, म्हणजे माहिती ठेवायचे कप्पे. बाइट्सची एक अ‍ॅरे, म्हणजे ओळीने लावलेली रांग, आणि तिच्यात आतापर्यंत किती बाइट्स भरल्या ते सांगणारा एक आकडा. काही न सांगता ऑब्जेक्ट बनवला तर ३२ बाइट्सची जागा मिळते. त्यात लिहायचं, लिहीत राहायचं, आणि शेवटी 'झालं तेवढं दे' म्हणायचं. ना डिस्क, ना नेटवर्क, ना परवानगीची कटकट. फाइल सापडली नाही, डिस्कवरची जागा संपली, पलीकडच्याने फोन ठेवला, यातलं काहीच इथे घडू शकत नाही. तरी एकेक बाइट घेणाऱ्या मेथडचा स्वभाव बघण्यासारखा आहे. ती बाइट घेत नाही, आख्खा पूर्णांक घेते आणि त्यातले शेवटचे आठ बिट तेवढे ठेवते. ३०० द्या, ४४ साठवले जातात. ना एरर, ना वॉर्निंग. ही सवय तिने तिच्या आईकडून, म्हणजे आउटपुटस्ट्रीम नावाच्या मूळ क्लासकडून घेतली आहे. पूर्णांकच का, तर वाचणाऱ्या बाजूला २५६ शक्य बाइट्सशिवाय 'संपलं' हे सांगायला आणखी एक किंमत लागते, ती उणे एक ठरली. म्हणून तिथे पूर्णांक आला आणि लिहिणारी बाजूही त्याच मापाने शिवली गेली असावी, असं मला आपलं वाटतं.

कॉलेजात आम्हाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवलं ते प्राण्यांवरून. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते, दोघंही 'आवाज काढ' ही एकच आज्ञा पाळतात. परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. पण नोकरीत इतकी वर्षं झाली, मला कुठल्याही प्रोग्रॅममध्ये भुंकण्याची गरज पडलेली नाही. पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय ते खरं उमगलं ते या दोन फील्ड्सच्या क्लासमुळे. रिपोर्ट तयार करणारा कोड म्हणतो, मला एक आउटपुटस्ट्रीम द्या, मी तिच्यात लिहीन. ती फाइलची आहे, सॉकेटची, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीची आहे, की मेमरीतली आहे, हे त्याला ठाऊक नसतं आणि नसावं. टेस्ट लिहिताना तिथे मेमरीतली स्ट्रीम सरकवायची. डिस्कला हात न लावता, तात्पुरत्या फोल्डरमध्ये कचरा न करता, क्षणात आख्खा रिपोर्ट बाइट्सच्या रूपात तळहातावर. पहिली बाइट अपेक्षेप्रमाणे आहे का, लांबी बरोबर आहे का, सगळं तपासता येतं. शिकवताना प्राण्यांऐवजी हे उदाहरण दिलं असतं तर वर्गातल्या निम्म्या जांभया वाचल्या असत्या.

मेमरीतल्या स्ट्रीमने फाइलच्या स्ट्रीमसारखं वागण्याच्या या सोंगाची एक किंमत मात्र आहे. फाइलच्या स्ट्रीममध्ये चूक होऊ शकते, म्हणून मूळ क्लासच्या लिहिण्याच्या मेथडवर आयओएक्सेप्शनचा, म्हणजे वाचता-लिहिताना बिघाड होऊ शकतो असा, इशारा आहे. मेमरीतल्या स्ट्रीमला तो रोग होणं शक्य नसलं, तरी आख्खी अ‍ॅरे एकदम लिहायला गेलं की कंपायलर, म्हणजे कोड चालवण्याआधी तपासणारा प्रोग्रॅम, विचारतोच, एक्सेप्शनचं काय करणार ते सांग. कधीच न येणाऱ्या पाहुण्यासाठी वर्षानुवर्षं किती जणांनी रिकामे कॅच ब्लॉक, म्हणजे बिघाड झाला तर काय करायचं ते लिहायच्या जागा, लिहिले असतील! जावा ११ मध्ये याच कामासाठी, तो इशारा नसलेली वेगळी मेथड आली. म्हणजे बावीस वर्षांनी.

मेमरीतल्या स्ट्रीमचं वाढणं मला मनापासून आवडतं. ३२ बाइट्स भरल्या की ती ६४ ची नवी अ‍ॅरे घेते, जुनं सगळं तिकडे उतरवते, जुनी सोडून देते. मग १२८, मग २५६. भाड्याची खोली भरली की दुप्पट मोठी बघायची आणि सगळं सामान उचलून तिकडे न्यायचं, तसं. ऐकताना हे उधळपट्टीचं वाटतं. प्रत्येक वेळी सगळं पुन्हा कॉपी? पण हिशोब करून बघा. ३२ पासून एक एमबीपर्यंत पोचायला अशी फक्त १५ स्थलांतरं लागतात, आणि त्या सगळ्यांत मिळून हललेल्या बाइट्सची बेरीज एक एमबीच्या किंचित आतच राहते. दर वेळी ३२-३२ ने वाढवत गेलो असतो तर एक एमबीला तीस हजारांवर स्थलांतरं झाली असती आणि बेरीज कित्येक जीबींमध्ये गेली असती. दुपटीने वाढण्याची ही युक्ती कुणाला पहिल्यांदा कागदावर समजते, मला ती प्रोफायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅम किती वेळ आणि मेमरी खातो ते मोजणाऱ्या साधनाच्या, आलेखात दिसली. लहान लहान पायऱ्या, मग एक उंच, मग त्याहून उंच, आणि दोन पायऱ्यांमधली सपाट जागा दर वेळी दुप्पट लांब होत जाणारी. मी तो आलेख कामापेक्षा बराच जास्त वेळ बघत बसले होते.

हा क्लास बहुतेकांच्या हाताखालून जातो तो एका ठरावीक लूपमध्ये. ४०९६ बाइट्सचा एक डबा घ्यायचा, इनपुटमधून त्यात वाचायचं, किती आल्या तो आकडा ठेवायचा, उणे एक आला की थांबायचं, नाहीतर डब्यातल्या तेवढ्याच बाइट्स मेमरीतल्या स्ट्रीमला द्यायच्या. जावा ९ मध्ये हे सगळं एका ओळीत करणाऱ्या मेथड्स आल्या, तरी जुन्या कोडमध्ये हा लूप अजून जागोजाग भेटतो, आणि त्याच्यातली एक चूकही भेटते. 'तेवढ्याच' हा भाग गाळून आख्खा डबा लिहिला जातो. छोट्या फाइलला मागे शून्यांची शेपूट लागते. मोठ्या फाइलला लागते ती शेपूट जास्त विचित्र असते. शेवटच्या फेरीत शंभरच बाइट्स आल्या, तर डब्याच्या उरलेल्या भागात आधीच्या फेरीतला मजकूर तसाच पडलेला असतो, आणि तो पुन्हा लिहिला जातो. पत्र संपल्यावर सहीखाली मधलाच परिच्छेद अर्ध्या वाक्यातून परत सुरू व्हावा, तशी फाइल दिसते. मेमरीतली स्ट्रीम यावर अवाक्षर काढत नाही. तिला दिलं, तिने घेतलं.

आणि देवनागरीवाल्यांना तर ती हवीच. 'क' हे एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये लिहायच्या रूढ पद्धतीत, तीन बाइट्स घेतं, २२४, १६४ आणि १४९. जावा बाइटला अधिक-उण्याचं चिन्ह लावत असल्याने डीबगरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या आत बघायच्या साधनात, ते उणे ३२, उणे ९२, उणे १०७ असे दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, आपला 'क' कर्जात बुडालाय. आता निव्वळ देवनागरी मजकूर १०२४ बाइट्सच्या तुकड्यांनी वाचला आणि प्रत्येक तुकड्याची लगेच स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, केली तर काय होईल? १०२४ ला तीनने भाग जात नाही. एक अक्षर बरोबर तुकड्याच्या काठावर चिरलं जातं, त्याची एक बाइट अलीकडे आणि दोन पलीकडे, आणि पडद्यावर त्या जागी प्रश्नचिन्हवाले काळे चौकोन. इंग्रजी मजकुराने तपासणाऱ्याला हे जन्मात दिसत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. उपाय साधा आहे. आधी सगळ्या बाइट्स मेमरीत गोळा करायच्या, मगच त्यांचा मजकूर करायचा, आणि करताना यूटीएफ-८ असं बजावून सांगायचं. न सांगता केलं तर जावा १८ च्या आधी मशीनच्या मर्जीवर होतं. माझ्या लॅपटॉपवर मराठी, सर्व्हरवर कचरा, हा अनुभव ज्याला आला नाही त्याने मराठीसाठी सॉफ्टवेअर लिहिलेलं नाही, असं मी बेलाशक म्हणते.

तर क्लोज. मी इतर भाषांत डोकावले, तिथे हीच वस्तू बंद केल्यावर काय होतं ते बघायला. पायथनमध्ये तिचं नाव बाइट्सआयओ. ती बंद केली की आतलं सगळं जातं, आणि नंतर मागायला गेलात तर एरर येते, की बंद फाइलवर हे काम करता येणार नाही. फाइल! जिथे फाइल कधी नव्हतीच तिथेही तिचा उल्लेख होतो, इतकं ते सोंग अंगात भिनलेलं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटची मेमरीस्ट्रीम मधला मार्ग काढते. बंद झाल्यावर लिहायला गेलात तर ती ओरडते, पण आतल्या बाइट्सची प्रत मागितली तर मुकाट देते. आणि जावा म्हणते, बंद केलंस काय, न केलंस काय, मला फरक पडत नाही. एकाच वस्तूबद्दल तीन ठिकाणची तीन मतं. मला पायथनचं मत सगळ्यात प्रामाणिक वाटतं आणि जावाचं सगळ्यात सोयीचं, आणि रोजचा भात मी जावावर खाते त्यामुळे माझं मत कितपत धरायचं ते तुम्ही ठरवा.

पण त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला भाषांच्या तुलनेत सापडलं नाही. ते सापडलं दहा बाइट्समध्ये. मेमरीतली स्ट्रीम सहसा एकटी नसते. तिच्यावर कुणीतरी दुसरी चढवलेली असते. डेटा दाबून लहान करणारी जीझिपची स्ट्रीम घ्या. तिच्यात छोटासा मजकूर लिहा, आणि तिला बंद न करता खालच्या स्ट्रीमकडे बाइट्स मागा. दहा मिळतात. सुरुवात ३१, उणे ११७, ८, आणि पुढे बहुतेक शून्यंच. हा जीझिपचा मथळा. मजकुराचा एक कणही नाही. तो अजून वरच्या स्ट्रीमच्या पोटात आहे, कारण दाबून बसवायचं तर आणखी थोडं येऊ दे म्हणून ती थांबली आहे. तिला बंद केलं की ती उरलेलं दाबते, खाली सोडते, शेवटी चेकसम (डेटा शाबूत आहे का ते पडताळायचा आकडा) आणि मूळ लांबी मिळून आठ बाइट्सची मोहोर उठवते. मगच ती फाइल जगात कुठेही उघडते. लिहिलेलं थोडं साठवून मग एकदम पुढे पाठवणाऱ्या बफर्डआउटपुटस्ट्रीमचंही तेच, ती ८१९२ बाइट्सपर्यंत स्वतःकडे धरून ठेवू शकते. खाली हात पुढे करून बसलेलीची क्लोज रिकामी असली, तरी वर बसलेलीची नसते. आणि बंद करण्याची साखळी वरून खाली येते, तेव्हा सगळ्यात खालची कोण आहे याची चौकशी वरची करत नाही. करता कामा नये. उद्या कुणी त्या जागी फाइल आणून ठेवली तर बाकीची एक ओळही न बदलता सगळं नीट बंद व्हावं, एवढ्यासाठी मेमरीतली स्ट्रीम ती रिकामी मेथड अंगावर वागवते.

त्या मुलाला मी हे दहा बाइट्स दाखवले. तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण मग एकटीच असेल तेव्हा?" एकटीच असेल तेव्हा तुझं बरोबर आहे. काढ ब्लॉक.

एक गोष्ट मात्र मला आजही धड ठरवता आलेली नाही. बाइट्स मागितल्या की जावा तुम्हाला आतली अ‍ॅरे देत नाही, तिची प्रत देते. पुस्तकी भाषेत हे एन्कॅप्सुलेशन, म्हणजे आतलं आत झाकून ठेवणं. तुम्ही प्रतीत काय गोंधळ घालायचा तो घाला, मूळ सुरक्षित. पण ऐवज ऐंशी-नव्वद एमबीचा असला, तर दुपटीच्या हिशोबाने आत १२८ एमबीची अ‍ॅरे आधीच उभी असते, आणि वर ऐंशी-नव्वदची प्रत. त्याची पुन्हा स्ट्रिंग केली तर तिसरं ओझं. एकाच वेळी दहा जणांनी रिपोर्ट मागितला की हीपचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या चालू मेमरीचा, आलेख करवतीच्या दातांसारखा दिसेनासा होतो आणि भिंतीसारखा दिसू लागतो. डॉटनेट इथे दार किलकिलं ठेवतं. गेटबफर म्हणा, आतली अ‍ॅरेच हातात. पण चार बाइट्स लिहून ती मागितली तर २५६ ची येते, मागे २५२ शून्यं, आणि खरी लांबी किती हे बघायचं तुमच्यावर. पायथन आतलं दाखवते, पण जोवर तुम्ही बघताय तोवर आकार बदलू देत नाही. हा तोडगा मला फार शहाणा वाटतो. आणि जावावाले काय करतात, तर क्लासला वारस काढतात, म्हणजे त्याच्यावरून नवा क्लास बनवतात. ती दोन फील्ड्स प्रायव्हेट नाहीत, प्रोटेक्टेड आहेत, म्हणजे वारसांना त्यांना हात लावता येतो. वारसाने आतली अ‍ॅरे थेट बाहेर काढून दिली की प्रत वाचली. ही पळवाट मी नावाजलेल्या माणसांच्या कोडमध्ये पाहिली आहे. पाहिली की आधी नाक मुरडते, मग आलेख आठवतो आणि मान डोलावते. खरं तर राइटटू नावाची मेथड आहे, ती प्रत न करता आतलं सरळ दुसऱ्या स्ट्रीममध्ये ओतते. निम्म्या वेळा तिनेच भागतं, पण तिची आठवण कुणाला होत नाही. रीसेटचंही असंच. ती आकडा शून्यावर आणते, अ‍ॅरे पुसत नाही. पासवर्ड किंवा किल्ली जर त्या बफरमधून गेली असेल, तर रीसेटनंतरही ती हीपमध्ये पडून असते, हे हीप डम्प, म्हणजे त्या मेमरीची उतरवून घेतलेली प्रत, उघडून बघेपर्यंत लक्षात येत नाही.

आणि वरची मर्यादा. अ‍ॅरेचा निर्देशांक पूर्णांक असल्याने २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे ती जाऊच शकत नाही, सर्व्हरवर कितीही मेमरी असो. मजा म्हणजे तेव्हा जी एरर येते तिचं नाव 'मेमरी संपली' असंच असतं, आणि माणसं बिचारी मेमरी वाढवत बसतात.

मग मोठ्या एक्स्पोर्टसाठी मधला बफर काढून सरळ ब्राउझरकडे जाणाऱ्या स्ट्रीममध्येच का लिहू नये? लिहावं, मीही तेच सुचवते. पण मग लांबी आधी सांगता येत नाही, कारण ती तुम्हालाच माहीत नसते. डाउनलोडची पट्टी किती उरलं ते न सांगता नुसती फिरत राहते. आणि दहा हजाराव्या ओळीवर डेटाबेसने मान टाकली, तर पहिल्या ओळींसोबत २०० चा कोड, म्हणजे 'सगळं ठीक आहे' हा निरोप, कधीच पुढे गेलेला असतो. तो परत बोलावता येत नाही. वापरणाऱ्याच्या हातात अर्धी फाइल पडते, आणि ती अर्धी आहे हे तिच्याकडे बघून कळेलच असं नाही. मेमरीत जमवलं असतं तर दहा हजाराव्या ओळीवर एक्सेप्शन आली असती, बफर टाकून दिला असता, आणि ५०० चा कोड देऊन सरळ सांगितलं असतं की जमलं नाही. म्हणून आकाराला वरची हद्द आहे अशा गोष्टी, एखादं बिल, एखादं प्रमाणपत्र, पाच-पन्नास पानांची पीडीएफ, या मी अजून मेमरीतच बांधते. साधारण आकार माहीत असेल तर ऑब्जेक्ट बनवतानाच तो सांगते, म्हणजे ३२ पासूनची धावपळ टळते. हद्द माहीत नसेल तिथे स्ट्रीम सरळ पुढे जोडते, आणि शेवटच्या ओळीत एकूण नोंदींचा आकडा लिहिते, म्हणजे तो नसेल तर फाइल अर्धी आहे हे उघडणाऱ्याला समजावं.